डोकं उठतं तेव्हा



आपल्या ओपीडीत रोज येणारं आणि सर्वांत घाईने निकालात निघणारं दुखणं म्हणजे डोकेदुखी. गोळी, बाम, फार तर चष्म्याचा नंबर तपासायची चिठ्ठी, आणि पुढचा पेशंट. म्हणून आजच्या भाषणासाठी मी तीच निवडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना डोकेदुखीचा कुठला ना कुठला विकार होता. बंगळूर शहर आणि भोवतालच्या खेड्यांत घरोघरी जाऊन पाहणी झाली, तिचे आकडे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्षभरात दर चार प्रौढांमागे एकाला मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, असल्याचं दिसलं. आपला तळा तालुका याहून फार निराळा असेल, असं मला वाटत नाही. फरक इतकाच की आपण मोजलेलं नाही.

आपल्याकडे अर्धशिशीचा पेशंट डोक्याची तक्रार घेऊन येतोच असं नाही. बाई सांगते, "डॉक्टर, पित्त वाढलंय. उलटीतून पित्त पडलं की डोकं उतरतं." आपण अँटासिड लिहितो. त्याऐवजी एकच विचारा: डोकं उठतं तेव्हा तुम्ही काय करता? ती सांगेल, "दार लावून अंधारात पडते. पोरांचा आवाज नको होतो, फोडणीचा वास नको होतो. विहिरीवर जाऊन आलं तरी ठणका वाढतो." चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारा, हालचालीने वाढणारा ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज असह्य होणं. निदान झालं. यात कुठलंही मशीन लागलं नाही.

मळमळ हे डोकेदुखीचं कारण नव्हे, ती त्याच झटक्याचा भाग आहे. झटक्यात चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेची यंत्रणा चेतवली जाते, सीजीआरपी नावाचं द्रव्य स्रवतं, आणि जठराची हालचाल मंदावते. म्हणून दुखणं पुरतं चढल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. गोळी सुरुवातीलाच, पुरेशा मात्रेत आणि गरज असेल तर उलटी थांबवणाऱ्या औषधासोबत द्यायची, एवढं समजावून सांगितलं तरी कित्येकींचा दिवस वाचतो.

ताणाची डोकेदुखी याहून वेगळी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंना दुखतं, पण माणूस कामं करत राहतो. आणि क्वचित दिसणारी क्लस्टर डोकेदुखी: एकाच डोळ्याभोवती, पंधरा मिनिटं ते तीन तास, डोळा लाल, पाणी वाहतंय आणि माणूस एका जागी बसू शकत नाही. अर्धशिशीचा पेशंट पडून राहतो, हा येरझारा घालतो. दारातून आत येणाऱ्याकडे नीट पाहिलं तर हा फरक तिथेच कळतो.

या दुखण्याचा सर्वांत मोठा जाच असा की ते कुणाला दिसत नाही. ताप मोजता येतो, मोडलेला हात दाखवता येतो. डोकं दुखणाऱ्या बाईला घरात "हिचं नेहमीचंच" ऐकावं लागतं आणि मुलाला "शाळा बुडवायची आहे म्हणून". लावणीच्या दिवसांत एक झटका म्हणजे बुडालेली मजुरी. मग उसने पैसे घेऊन पनवेल-मुंबईला एमआरआय होतो, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि तोच कागद तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो: बघ, तुला काही झालेलं नाही. अर्धशिशीत तपासणी नॉर्मलच यायची असते, हे तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगणं औषधाइतकंच गरजेचं आहे. मी ते दरवेळी सांगतो.

मी पेशंटना वेगळी डायरी देत नाही. घराघरात कॅलेंडर टांगलेलं असतं, १९७३ पासून कालनिर्णयने ती सवयच लावली आहे. एका बाईंनी आणलेलं पान सांगतो. प्रत्येक चौकटीत दुधाची खूण, तिच्या शेजारी डोकं दुखलं तर लाल गोल, गोळी घेतली तर फुली. एक गोल संकष्टीला, दोन एकादश्यांना, तीन-चार पाळीच्या तोंडावर. हे सगळं अपेक्षितच होतं. उपासाने जेवणाची वेळ चुकते, पाळीआधी इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं. पण फुल्या गोलांपेक्षा जास्त होत्या. दुखेल या भीतीने सकाळी कामाला निघण्यापूर्वीच किराणा दुकानातली गोळी घेतली जात होती. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, की गोळीच डोकेदुखी जन्माला घालते. ही गोष्ट पेशंटला कुणीच सांगत नाही.

अशा वेळी गोळी तोडली की आधी काही दिवस त्रास वाढतो. हे अगोदर सांगितलं नाही, तर पेशंट आपल्याकडून उठून थेट दुकानात जातो. जोडीला प्रतिबंधक औषध लागतं: रात्री थोड्या मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन, किंवा प्रोप्रॅनोलॉल. दोन्ही स्वस्त आहेत. दम्याच्या माणसाला मात्र प्रोप्रॅनोलॉल देऊ नका, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट टाळा. आणि कृपा करून उपास सोडा असं फर्मावू नका, ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. फराळ वेळेवर करा, पाणी प्या, रोजचा चहा एकदम तोडू नका, हरतालिकेच्या निर्जळी उपासाबद्दल आधी येऊन बोला, एवढं ती ऐकते.

तालुक्याच्या ठिकाणी संशोधन कसलं, असं म्हणणाऱ्यांसाठी डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जिल्ह्यात आहेत. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्या पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय टिपले. १९८२ साली त्या नोंदी 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिनच्या वापराने कितीतरी जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची सुरुवात वहीतल्या नोंदींपासून झाली होती. माझी विनंती आहे, यंदाच्या गौरी-गणपतीपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाने दहा पेशंटांची कॅलेंडरची पानं, त्यांना विचारून आणि नाव झाकून, जमवावीत. जागरण, रात्रभरचा एसटीचा प्रवास, चुकलेलं जेवण, ऊन, सगळं त्यात दिसेल. पुढच्या बैठकीत ती टेबलावर मांडू आणि आपल्या भागातली डोकेदुखी पहिल्यांदा मोजू.

आज मुद्दाम बोलावलेल्या आशाताई, शेवटचं तुमच्यासाठी. क्षणात आभाळ कोसळल्यासारखी उठलेली डोकेदुखी, तापासोबत मान ताठ होणं, आकडी येणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं, गरोदर किंवा बाळंत बाईला नव्याने सुरू झालेलं दुखणं: यात घरगुती लेप नको, वाट पाहणं नको, लगेच १०८ ला फोन करा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, कानशील हात लावू देत नाही, घास चावताना जबडा दुखतो, असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा, कारण उशीर झाला तर त्याची दृष्टी जाऊ शकते. दुपारच्या सत्रात याच लक्षणांचा तक्ता मराठीत छापून तुम्हाला देणार आहोत. तो उपकेंद्राच्या भिंतीवर लावा, आणि शंका वाटली तर रात्रीसुद्धा फोन करा.