उघडी खिडकी आणि टीबीच्या गोळ्या



घरात कुणाला टीबी झाल्याचं कळलं की नातेवाईक आधी विचारतात, "डॉक्टर, यांचं ताट-पेला वेगळा ठेवायचा का?" खिडकीचं कुणी विचारत नाही. खरं तर फुप्फुसाचा टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात आणि कोंडलेल्या खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात.

या रोगाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली बर्लिनच्या वैद्यक परिषदेत सांगितलं होतं, की थेट उन्हात हे जंतू काही मिनिटांत, फार तर काही तासांत मरतात. खिडकीजवळच्या नुसत्या उजेडातही मरतात, पण त्याला पाच-सात दिवस लागतात. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. म्हणून मोकळ्या माळावर आरोग्यधामं उभी राहिली. आपल्याकडची मिरजेजवळची वानलेसवाडी त्यांतलीच. रुग्णांना महिनोन्‌महिने व्हरांड्यात निजवून ठेवत.

मग औषधं आली आणि १९५६ मध्ये मद्रासला एक धाडसी प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना सारखीच. घरी राहणाऱ्यांना आहार कमी, विश्रांती कमी. तरी वर्षाअखेर दोन्हीकडचे जवळपास सारखेच बरे झाले. घरच्या माणसांनाही त्यामुळे जास्त लागण झाली नाही. हवापालटानं टीबी बरा होतो, ही समजूत तिथंच संपायला हवी होती. अजून माझ्याकडे माणसं येतात, "महाबळेश्वरला नेऊ का?" म्हणून. न्या की, पण गोळ्या घेऊन जा.

मग खिडकी कशासाठी? ती रुग्णासाठी कमी आणि शेजारी निजणाऱ्यांसाठी जास्त. रोगाचं निदान व्हायच्या आधीचे आठवडे सगळ्यांत धोक्याचे, आणि तेव्हा गोळ्या सुरूच झालेल्या नसतात. पेरू देशातल्या लिमा शहरात रुग्णालयांच्या खोल्यांत हवा किती खेळते, ते मोजून पाहिलं. खिडक्या-दारं उघडी असली की खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्रानं हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड सगळ्यांत सरस ठरले. आपण मात्र जुने वॉर्ड पाडून खोटं छत आणि एसी बसवतो आणि त्याला सुधारणा म्हणतो.

तुमच्या घरची हवा हलते का, हे बघायला उदबत्ती पुरते. खोलीच्या मधोमध लावा. धूर एका दिशेनं वाहत बाहेर जातो की जागीच घोटाळतो, बघा. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडली की बहुधा फरक दिसेल. छताचा पंखा तीच हवा ढवळतो आणि भिंतीवरचा एसी तीच हवा थंड करून परत देतो. दोन्हींनी घरात नवी हवा येत नाही. खिडकीपुढे कपाट असेल तर ते हलवा. कौलारू घरात एखादं काचेचं कौल बसवलं तर उजेड येईल, पण हवेसाठी झरोका हवाच.

मुंबईतल्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथल्या माणसाला 'खिडकी उघडा' सांगणं मला लाजिरवाणं वाटतं. इमारती इतक्या खेटून का, हा प्रश्न नकाशे मंजूर करणाऱ्यांना विचारायला हवा.

आता उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाबद्दल. काचेमागे बसून ते मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. हाडांसाठी ते हवंच. पण मंगोलियात साडेआठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना ते तीन वर्षं दिलं, तरी टीबीची लागण कमी झाली नाही. तेव्हा त्याच्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साध्या टीबीचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. दीड-दोन महिन्यांत भूक लागते, वजन वाढतं, आणि नेमक्या तेव्हाच माणसं गोळ्या सोडतात. डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत त्या सोडू नका.