मोटार दगडावर नको, घोडीवर ठेवा

(ईट येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले मार्गदर्शन. बैठकीला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी येथे देत आहोत.)



हप्ते आणि थकबाकीचा विषय आत्ताच झाला. मी घेतेय तो विषय वेगळा वाटेल, पण त्याचाही हप्त्याशी संबंध आहे. विषय आहे पाण्याच्या मोटारीसाठी लाकडी घोडी, म्हणजे स्टँड.

आपल्या भूम तालुक्यात पाण्याची किंमत मी तुम्हाला सांगायला नको. काही गट कर्जातून एक एचपीची मोनोब्लॉक मोटार घेतात आणि पाळीपाळीने विहिरीवर, शेततळ्यावर नेतात. मोटार चालू असो की बंद, हप्ता दर महिन्याला येतोच. आणि मोटार बंद का पडते? बऱ्याचदा ती दोन दगडांवर ठेवलेली असते म्हणून. थरथरीनं दगड सरकतो, मोटार कलते, पाइपाचा सांधा ढिला होतो. तिथून हवा शिरली की पाणी तुटतं. मग मोटार कोरडी फिरते आणि सील जळतं. चिखलपाणी आत गेलं की बेअरिंग जातं. दुरुस्तीचा खर्च वेगळाच, आणि तोवर भाजीचा वाफा वाळतो.

समुद्राकाठचे लोक होडीच्या मागचं इंजिन काढलं की लाकडी घोडीवर उभं टांगून ठेवतात, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. यंत्र कुठलंही असो, त्याला बसायला नीट जागा लागते.

आता घोडी कशी करायची ते बघा.

लाकूड बाभळीचं चालेल, पण वाळलेलं हवं. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि बोल्ट ढिले होतात. चार फूट लांबीचे, दोन बाय तीन इंचाचे दोन दांडे घ्या. ते समांतर ठेवून मधल्या भागावर दीड इंच जाडीच्या फळ्या आडव्या बसवा. दोन्ही टोकांना एकेक फूट दांडा मोकळा सोडा. तीच आपली मूठ. एक बाई पुढं, एक मागं, पालखीसारखी उचलायची. कंबरेवर एकटीनं ओढायची गरज नाही.

पाय चार, उंची नऊ इंच, खाली थोडे बाहेर फाकलेले. पायांना तिरप्या पट्ट्या मारा, नाहीतर घोडी डुलते. एक मावशी मला म्हणाल्या, टेबलाएवढी उंच केली तर वाकावं लागणार नाही. पण मोटार वरून पाणी ओढते तेव्हा तिला मर्यादा असते. पाण्याच्या पातळीपासून वीस फुटांच्या आत असली तर बरं. घोडी जितकी उंच, तितकी ही मर्यादा लवकर संपते. चिखलापासून वर राहण्यापुरती उंची बस.

खिळे मारू नका. थरथरीनं खिळे निघतात. आरपार नटबोल्ट घाला, दोन्ही बाजूंनी वॉशर लावा. मोटारीच्या पायाखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवा. शेवटी लाकडाला दोन-तीन हात जळकं तेल द्या, वाळवी लांब राहते. पाइपाचं ओझं मोटारीवर टांगू नका, त्याला वेगळी मेख ठोकून आधार द्या. उन्हापावसाला वर पत्रा चालेल, पण चालू मोटारीवर पोतं टाकायचं नाही. तिला वारा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घोडी लाकडाची आहे म्हणून शॉक बसणार नाही, असं कुणी समजू नका. ओल्या लाकडातून वीज जाते. आणि लाकूड कोरडं असलं, तरी मोटारीत वीज उतरली असेल तर ओल्या जमिनीवर उभं राहून हात लावणारीच्या अंगातून ती जमिनीत जाते. म्हणून अर्थिंगची तार मोटारीच्या बॉडीला जोडलेली हवीच. ते काम वायरमनकडून करून घ्या. मोटार हलवायच्या आधी नुसतं बटण बंद करू नका, पिन काढा. उघडे जोड पाण्यात लोळू देऊ नका.

एक वही घाला. मोटार कुणी नेली, कधी नेली, किती तास चालवली, परत देताना कशी होती, हे लिहा. दर वापराचे थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. सामाईक वस्तू सगळ्यांची असते आणि म्हणूनच कुणाचीच नसते. वही असली की ती सगळ्यांची राहते.

कुणी म्हणेल, मोटारीचं काम गड्यांचं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तेही काम गड्यांचंच समजत होते. आपल्याला तर पाना फिरवायचा आहे.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या मोटारीच्या पायाच्या चार भोकांचा छाप कागदावर काढून आणा. गावातल्या सुतारदादांना बोलावू, दर विचारू आणि खर्चाचा ठराव तिथंच घेऊ.