साखरेचे ढालकिडे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संक्रांत-मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी मला केली, आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. अशा प्रसंगी मराठी अस्मिता किंवा संस्कृतीचे भवितव्य अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मी निवडलेला विषय मात्र बोराएवढा आहे. कपकेक नावाच्या चिमुकल्या केकवर शोभेसाठी जे साखरेचे कीटक बसवितात, ते कसे करतात, हा तो विषय. आपण हसलात तरी माझी तक्रार नाही. परंतु या बोराएवढ्या वस्तूने माझी एक चूक माझ्या पदरात घातली, आणि तिची कबुली देण्यास सुवर्णमहोत्सवाइतका योग्य प्रसंग मला दुसरा दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात आपण संक्रांतीनिमित्त साखरकामाची स्पर्धा घेतली होती, हे पुष्कळांना स्मरत असेल. केंद्र सरकारच्या सेवेत केस पांढरे झालेला मनुष्य नियमाने चालेल, अशा समजुतीने परीक्षकांचे प्रमुखपद मला देण्यात आले. मेजांवर हलव्याचे दागिने मांडले होते. तोडे होते, मंगळसूत्र होते, बोरन्हाणासाठी मुकुट नि बासरी होती. अगदी शेवटच्या मेजावर एका तेरा वर्षांच्या मुलीने बारा कपकेक ठेविले होते आणि प्रत्येकावर साखरेचा एकेक कीटक बसविला होता. मधमाश्या होत्या, फुलपाखरे होती, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले वाटोळे किडे होते. एक भगिनी म्हणाल्या, "अगबाई, सणासुदीला ताटात किडे कसले?" दोघीचौघी हसल्या. मी नियमांचा कागद काढला. त्यात 'पदार्थ महाराष्ट्रीय परंपरेतील असावा' असे कलम होते. मी शेरा मारला, 'नियमात बसत नाही', आणि पुढे निघालो. तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "काका, मधमाशीचे पंख तरी मोजलेत का?" मला तो उद्धटपणा वाटला. तिने निमूटपणे आपला डबा भरला आणि ती गेली.

पुढल्या संक्रांतीला दागिन्यांचे मेज निम्मे रिकामे राहिले. चौकशी केली तेव्हा कळले, की दरवर्षी मुकुट नि तोडे पाठविणाऱ्या वृद्ध बाई त्याच मुलीच्या आजी. गणेशोत्सवात नाही, दिवाळीत नाही, वर्षभर त्या घरातले कोणीच मंडळात आले नव्हते. गावाकडे एक घर रुसले तर शेजारची चार घरे समजूत घालायला असतात. इथे आपणच एकमेकांचे गाव. इथले घर तुटले म्हणजे तुटलेच. हातात तिळगुळाची पुडी घेऊन मी त्यांच्या दारी गेलो.

आजी मूळच्या सांगलीकडच्या. मला वाटले होते, चार कडू शब्द ऐकावे लागतील. त्यांनी पाट मांडला, पाणी दिले आणि आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते थरथरत होते. "भाऊ, चार वर्षं झाली, माझ्यानं परात हलवत नाही. तुम्ही ज्या मुकुटाला दरसाल बक्षीस देत होता ना, तो मागची तीन वर्षं हिनंच केला होता. मी नुसती शेजारी बसून सांगत होते." मी त्या मुलीकडे पाहिले. ती वही उघडून काहीतरी रंगवीत बसली होती, आणि तिने मान वर केली नाही.

त्या दुपारी आजींनी मला हलवा समजावून सांगितला. शेगडीवर मंद आच, तीवर परात, परातीत मूठभर तीळ किंवा साबुदाणा. साखरेचा पाक करताना त्यात थोडे दूध घालायचे, म्हणजे मळी वर येते, ती काढायची. मग तो पाक चमच्या-चमच्याने परातीत सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवायचे. एक चमचा वाळला की दुसरा. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर हलवा पिवळा पडतो. तासन्‌तास, कधी दोनदोन दिवस हे चालते, तेव्हा कुठे दाण्यावर काटे उभे राहतात. हवा कोरडी आणि थंड हवी. ढगाळ दिवशी काटा धरत नाही.

मग मुलगी उठली आणि तिने आपले काम दाखविले. तिच्या वस्तूचे नाव फॉन्डंट. हा फ्रेंच शब्द, अर्थ 'विरघळणारे'. मुळात साखरेचा पाक साधारण ११५ अंश सेल्सियसपर्यंत उकळून, थोडा निववून, घोटघोट घोटला की जो पांढराशुभ्र मऊ लगदा होतो, तो फॉन्डंट. लाटून वापरण्याचा प्रकार याहून निराळा. तो पिठीसाखर, द्रवरूप ग्लुकोज, ग्लिसरीन आणि थोडी स्निग्धता घालून कणकेसारखा मळतात. बांधून ठेवण्यासाठी त्यात पुष्कळ ठिकाणी जिलेटिन घालतात, पण ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होते. म्हणून ही मुलगी समुद्रशेवाळापासून होणारे अगर-अगर वापरते. आजींच्या घरात दुसरे चालले नसते.

तिची रीत अशी. गोळ्यात चिमूटभर टायलोज पावडर मळायची, म्हणजे केलेली आकृती कडक वाळते. रंग पाण्याचा नव्हे, जेलचा; पाण्याने साखर पाझरते. हाताला कॉर्नफ्लोअर लावून बोराएवढी लाल गोळी वळायची, खालून चपटी करायची, सुरीच्या बोथट बाजूने पाठीवर मधोमध रेघ ओढायची. ती पंखांवरच्या कठीण झाकणांची फट. पुढे काळे डोके ओल्या कुंचल्याने चिकटवायचे, आणि पाठीवर सात ठिपके. मधमाशीचे पंख खाण्याजोग्या पातळ कागदाचे कापायचे. हे सारे दोन दिवस आधी करून उघड्यावर, सावलीत वाळवायचे. शीतकपाटात ठेवले तर बाहेर काढताच घाम सुटतो. केकवर बसवायचे ते अगदी आयत्या वेळी, नाहीतर खालच्या क्रीमच्या ओलीने पाय गळतात.

बंधुभगिनींनो, मी साधा बी. ए. झालेला मनुष्य, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु त्या दोघींच्या मध्ये बसून मला एक गोष्ट उमगली. हलवा आणि फॉन्डंट ही एकाच साखरेची दोन वळणे आहेत. पाक सावकाश, थराथराने सुकविला की स्फटिक वाढतात आणि काटे येतात. ते वाढू दिले नाहीत की साखर लोण्यासारखी मऊ राहते. ग्लुकोज ते वाढू देत नाही. आजी म्हणाल्या, "म्हणजे गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो, तसंच की! लिंबू पिळलं की पाक साखरत नाही." तत्त्व तेच आहे. शत्रूही दोघींचा एकच, हवेतला दमटपणा. बेंगळूरूचा कोरडा, गार जानेवारी हलव्याला मानवतो आणि फॉन्डंटलाही. येथला पावसाळा दोघांनाही नको असतो.

आता माझ्या त्या कलमाकडे वळू. 'महाराष्ट्रीय परंपरेतील.' घरी आल्यावर मी त्याची सरकारी पद्धतीने छाननी केली. हलव्याच्या दागिन्यांतला साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, आणि साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूतल्या सेलमकडे. साखर मात्र आपली खरी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे तिचे प्रकार मोजले आहेत. तो ग्रंथ शतकानुशतके दृष्टिआड होता. त्याची पोथी ओळखली ती येथून जवळच, म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात, आर. शामशास्त्री यांनी १९०५ साली. १९०९ साली त्यांनी तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या साखरेची वंशावळही जगाला कर्नाटकातच पुन्हा सापडली.

आणि साखरेची चित्रे म्हणाल, तर आपल्या शेजारणी काय करतात ते आठवा. संक्रांतीला तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे नि डाळे यांच्या मिश्रणाबरोबर त्या सक्करे अच्चु देतात. सागवानी साच्यांत पाक ओतून काढलेले पोपट, मासे, हत्ती, वृंदावने. देताना त्याही म्हणतात, 'एळ्ळु बेल्ल तिन्दु ओळ्ळे मातनाडि', तीळगूळ खा आणि चांगले बोला. साखरेचा पोपट सणाला चालतो, मग साखरेच्या मधमाशीने काय पाप केले? याच शहरात १९७०च्या दशकापासून नाताळच्या सुमारास केक-प्रदर्शन भरत आले आहे, आणि साखरेच्या भव्य वास्तू पाहायला आपण मुलाबाळांसह रांगा लावतो. तेथे टाळ्या वाजवायच्या आणि आपल्या मेजावर शेरा मारायचा, हा न्याय मलाच पटेना.

राहिला प्रश्न किड्यांचा. ज्या भगिनी हसल्या त्यांच्या अंगावर त्या दिवशी रेशमी साड्या होत्या. येथून म्हैसूरच्या रस्त्याला लागले की रामनगरची रेशीम-कोषांची बाजारपेठ लागते. ते रेशीम एका किड्याचेच. त्याच रस्त्यावर पुढे चन्नपट्टण. तेथली रंगीत लाकडी खेळणी आपण नातवंडांना देतो. त्यांवरची चकाकी लाखेची, आणि लाख हीही एका किड्याचीच देणगी. देवाच्या पंचामृतातला मध कोणाचा, हे मी सांगायला नको. आणि तो लाल ठिपकेदार किडा? शेतकी पत्रकांत त्याला ढालकिडा म्हणतात, कारण तो पालथ्या ढालीसारखा दिसतो. करडईवर, ज्वारीवर मावा पडतो, तो मावा हा खातो. शेतकऱ्याचा तो बिनपगारी रखवालदार. हा शब्द मलाही ठाऊक नव्हता. मला 'लेडीबर्ड' तेवढे येत होते. तो शब्द त्या मुलीने मला शिकविला. तिच्या वहीत प्रत्येक कीटकाचे चित्र होते आणि खाली मराठी नाव. आग्या, सातेरी, चतुर, नाकतोडा, राणी पाकोळी. शेवटच्या नावाचे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ साली राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित केले आहे. तिचे शिक्षण सारे इंग्रजीत. ही नावे तिने आजीला विचारून आणि पुस्तके धुंडाळून जमविली होती. ज्या पानाला आपण मराठीचा वर्ग म्हणून नमस्कार केला असता, त्यालाच मी नियमात बसत नाही म्हणून परत पाठविले होते!

मी तिला विचारले, "मधमाशीचे पंख किती?" ती म्हणाली, "चार. पुढचे दोन मोठे, मागचे दोन लहान. उडताना ते एकमेकांत अडकतात म्हणून दोनच वाटतात. मी चार लावले होते, काका." मी तिची क्षमा मागितली. पन्नाशी उलटलेल्या अधिकाऱ्याला हे जड जाते. परंतु तिळगूळ हातात असताना ते सोपे झाले. मग तिने मला एक ढालकिडा करायला लावला. तो भाजलेल्या शेंगदाण्यासारखा झाला. आजी इतक्या हसल्या, की त्यांच्या हातांची थरथर त्या हसण्यात दिसेनाशी झाली.

त्या आजी आता आपल्यात नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. आज सकाळी या सभागृहाच्या मेजावर हलव्याचा जो मुकुट आपण पाहिला, तो त्यांच्या नातीने केला आहे. आणि मुकुटाच्या टोकाशी, जिथे खडा असतो, तिथे एक लाल ढालकिडा बसला आहे, हे किती जणांनी पाहिले ते मला ठाऊक नाही. पुन्हा एकदा जाऊन पाहावे, ही विनंती.

माझी सूचना एवढीच आहे. स्पर्धेच्या नियमांतले ते कलम कार्यकारिणीने काढून टाकावे आणि त्या जागी दुसरे घालावे: 'साखरेची वस्तू स्पर्धकाने स्वतःच्या हाताने केलेली असावी, आणि तिचे मराठी नाव त्याला सांगता यावे.' आपण गावापासून दूर आहोत. आपल्याबरोबर ना शेत आले, ना वाडा, ना नदी. आले ते हात आणि शब्द. हात नवी वस्तू घडवू लागले तर त्यांना अडवू नये. शब्द तेवढा त्यांच्याबरोबर द्यावा. एवढे आपण केले, तर पुढच्या पन्नास वर्षांची काळजी ही मुलेच घेतील.

माझ्या हातचा तो शेंगदाण्यासारखा ढालकिडा मी अजून डबीत जपून ठेविला आहे. मुंग्यांनी अद्याप त्याला हात लावलेला नाही. त्यांनाही बहुधा तो ओळखू आला नसावा.

तिळगूळ घ्या, गोड बोला.