मृत समुद्राकाठची जाळी



मृत समुद्रात मासा जगत नाही.
पाणीच इतकं खारट!

पण बायबलमधला यहेज्केल संदेष्टा वेगळंच सांगतो.
मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघेल.
ते या समुद्राला गोड करील.
एन-गेदीच्या काठावर कोळी जाळी पसरतील.
दलदल मात्र खारीच राहील.
मिठाची सोय नको का!

जिथे गोडं पाणी, तिथे जीव.

आता आजचं ऐका.
2011 मध्ये शास्त्रज्ञांनी एक शोध जाहीर केला.
पाणबुड्यांना समुद्रतळाशी गोड्या पाण्याचे झरे सापडले होते.
झऱ्यांच्या तोंडाशी जिवाणूंचे थर साचले होते.

मग भविष्यवाणी खरी ठरली?
मी तसं म्हणणार नाही.
समुद्र तर वर्षाला सुमारे एक मीटर खाली जातोय.

पण पुन्हा सांगतो, जिथे गोडं पाणी, तिथे जीव.
काठावरच्या ऐन फेश्खाच्या तळ्यांत लहान मासे आहेत.