घाटातली दुचाकी सहल

मैंदर्गीहून अक्कलकोट, सोलापूर, पंढरपूर, म्हसवड करत साताऱ्याकडे निघालं की बराच वेळ रस्ता सपाटच. खरी परीक्षा वाईपुढच्या पसरणी घाटात सुरू होते आणि महाबळेश्वर ओलांडून प्रतापगडाजवळच्या आंबेनळी घाटात आणखी कठीण होते. तुलनाच करायची तर फ्रान्सच्या आल्प्समधली इझरां खिंड २,७६४ मीटर उंच. महाबळेश्वर साधारण तिच्या निम्म्यावर. पण दुचाकी चालवण्याचं तंत्र दोन्हीकडे तेच.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय आधी सोडा. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबलेला ब्रेक तापतो, त्याची पकड जाते. खालच्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. वेग वळणाआधीच कमी करा. आंबेनळीत खालून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू आला की डावीकडे थांबा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

गटातला सगळ्यात नवखा चालक म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा, जाणता शेवटी. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. दोन गाड्या शेजारी-शेजारी नकोतच. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवं. आणि निघण्याआधी टायर, ब्रेक आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्याच.