राज्ये बदलली, गिरणाकाठ टिकला

(भडगाव येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



गिरणामाई सह्याद्रीत उगम पावते, मालेगावकडून खानदेशात उतरते आणि भडगावाला वळसा घालून पुढे तापीला मिळते. या काठावरच्या एखाद्या शेताचा सारा गेल्या सहाशे वर्षांत कोणाकोणाच्या खजिन्यात गेला, याचा हिशेब मांडला तर मन थक्क होते. फारुकी, मोगल, निजाम, पेशवे, होळकर-शिंदे आणि अखेर इंग्रज! सारा घेणारे हात बदलत गेले. नांगराची मूठ धरणारा हात मात्र तोच राहिला.

सीमेवरच्या भूमीचे प्राक्तनच असे असते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस गुजरात, पूर्वेस वऱ्हाड. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी सैन्ये याच वाटेने आली. १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर मिळाली आणि त्यातून फारुकी राज्य उभे राहिले. बुऱ्हाणपूर ही त्याची राजधानी झाली आणि असीरगड हा त्याचा आधार. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून या प्रांताला 'दानदेश' म्हणण्याचा हुकूम निघाला. हे नाव दप्तरात लिहिले गेले, पण लोकांच्या जिभेवर कधी रुजले नाही. बादशहाच्या हुकमाने भूमीचे नाव बदलत नाही, हा धडा खानदेशाने चारशे वर्षांपूर्वीच दिला आहे.

१६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा बुऱ्हाणपुरावर धडकल्या. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर असीरगड व बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. महिदपूरच्या पराभवानंतर, जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने, होळकरांना सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांना द्यावा लागला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच थाळनेरचा किल्ला पडला आणि त्याच्या किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिली. तरीही ही भूमी सहजासहजी वाकली नाही. भिल्लांना वश करण्यासाठी १८२५ मध्ये धरणगावी भिल्ल पलटण उभारावी लागली. त्यानंतरही १८५८ मध्ये अंबापाणीच्या डोंगरात खाज्या नाईक व भीमा नाईक यांचे भिल्ल वीर इंग्रजांशी लढलेच. वनवासी बांधवांचे हे रक्त खानदेशाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर लिहिले गेले पाहिजे.

पुढे कागदावर रेघा ओढल्या गेल्या. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे झाले. स्वातंत्र्यानंतर बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. १९६० मध्ये नंदुरबार, नवापूर, तळोदे या भागांतील काही गावे गुजरातेत गेली. एकाच भावकीचा सातबारा दोन राज्यांत विभागला गेला!

दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या समाजाचे काय होते, हे समजण्यासाठी क्षणभर उत्तर युरोपाकडे पाहावे. फिनलंड सुमारे सहा शतके स्वीडनच्या अमलाखाली होता. १८०९ मध्ये तो रशियाच्या झारच्या ताब्यात गेला. कचेरीची आणि विद्येची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही शेतकऱ्यांची बोली समजली जाई. अशा वेळी एलियास ल्योनरोट नावाचा वैद्य सीमेवरच्या करेलियात गावोगाव हिंडला. निरक्षर वृद्धांच्या मुखातील गीते त्याने लिहून घेतली आणि १८३५ मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केले. १८६३ मध्ये झारला फिनिश भाषेला अधिकृत स्थान देण्याचे फर्मान काढावे लागले. १८९९ मध्ये रशियाने स्वायत्ततेवर घाला घातला, तेव्हा त्या लहानशा देशातील पाच लाखांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाला. विशेष म्हणजे स्वतंत्र झाल्यावर त्याने स्वीडिश भाषेला हद्दपार केले नाही. आजही ती तेथील दुसरी राजभाषा आहे. स्वत्व जागे असलेला समाज दुसऱ्याचा द्वेष करीत बसत नाही.

खानदेशाची गोष्ट एका अर्थाने याहून भाग्याची आहे. फिनलंडला आपले स्वत्व राखण्यासाठी वेगळे व्हावे लागले. खानदेशाला तशी गरज कधीच भासली नाही. कारण राज्ये अनेक असली तरी राष्ट्र एकच होते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथील १२०७ चा शिलालेख पाहा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला आणि त्याला स्थानिक निकुंभ राजांनी दान दिले. ज्योतिषाची ही विद्या साऱ्या भारतवर्षाची, पण तिला आश्रय मिळाला खानदेशाच्या मातीत! आजही चैत्रात खानदेशी माणूस पायी सप्तशृंगगडाची वाट धरतो, मुक्ताईची पालखी तापीकाठावरून पंढरीला निघते आणि श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी सुरतेला गेलेली कुटुंबे गावी परततात. या वाटांना राज्यांच्या सीमा कधी अडवू शकल्या नाहीत.

मग चिंता कशाची? परकीय सत्तांना जे साधले नाही, ते आपली उदासीनता साधते आहे. घरात आजी अहिराणी बोलते आणि नातू संकोचाने मान खाली घालतो. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ मध्ये त्या महाराष्ट्रापुढे आल्या. अन्यथा त्या त्यांच्याबरोबरच लुप्त झाल्या असत्या. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात आयुष्यभर वणवण फिरले आणि १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही उभे आहे.

ल्योनरोटने जे केले, ते प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी आईकडून, आजीकडून लिहून घ्यावीत. माळ्यावरच्या पेटीतील जुनी मोडी कागदपत्रे वाळवीच्या तोंडी देण्याऐवजी जाणकारांना दाखवावीत. निझरच्या किंवा बुऱ्हाणपूरच्या सोयऱ्याशी फोनवर बोलताना तरी अहिराणीत बोलावे. मोगल आणि इंग्रज यांच्या राज्यांतून पूर्वजांनी जे सुखरूप पार नेले, ते स्वराज्यात आपल्या हातून निसटले, तर त्याचा दोष कोणत्या परकीयाला देणार?