दप्तर कोणाच्या बापाचं?

(धरमपेठेत कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज मी कवितेवर बोलणार नाही, निवडणुकीवर बोलणार नाही. तहसीलीच्या रेकॉर्डरूमवर बोलणार आहे. ऐकूनच काहींचे चेहरे पडले. धरमपेठेत पंख्याखाली बसून तलाठी, नक्कल, फेरफार असले शब्द ऐकायचे म्हणजे शिक्षाच. पण मला सांगा, आपल्यापैकी किती घरांनी अख्खा जून महिना जातवैधतेच्या नावानं रडून काढलाय? पोरीला सीट लागली आणि 1950 च्या आधीचा कागद नाही म्हणून बाप सुट्टी टाकून गावी गेला. गावात आता घर नाही, ओळख नाही. तलाठ्यासमोर हात जोडून उभा राहिला. तलाठी म्हणाला, तहसीलमध्ये पाहा. तहसीलवाला म्हणाला, जिल्ह्यावर पाहा. जिल्ह्यावरचा बाबू म्हणाला, "काहून बाप्पा, हे तं तहसीललेच भेटते." एसटीच्या तिकिटांचं पुडकं जमा होतं, कागद काही मिळत नाही.

याला लोक ढिसाळपणा म्हणतात. मी म्हणत नाही. हा जुना डाव आहे. गावात लिहिणारा एक होता आणि राबणारे दुसरे. दप्तर ज्याच्या घरी, गाव त्याच्या मुठीत. आता दप्तर घरातून कचेरीत आलं, कपाट लोखंडाचं झालं. मूठ तीच राहू द्यायची का, हा आजचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. अनुसूचित जातींची यादी करणारा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा. म्हणून त्या तारखेच्या आधी आपलं कुटुंब कुठं राहत होतं आणि त्याची जात काय होती, याचा पुरावा मागतात. भटक्या-विमुक्तांना तारीख आहे 21 नोव्हेंबर 1961. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. जातीचे दाखले देण्याचा आणि तपासण्याचा महाराष्ट्राचा कायदा 2000 सालचा, अंमल 18 ऑक्टोबर 2001 पासून. त्याचं आठवं कलम बजावतं की जात सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

आता यातली मेख बघा. 1950 च्या आधी आपल्या आज्याजवळ काय होतं? काठी होती, घोंगडी होती, खांद्यावर गावकी होती. कागद नव्हता. कागद होता तो सरकारजवळ. पुरावा सरकारच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरकारच्या कमरेला, आणि तेच सरकार आपल्याला दरडावून विचारतं, पुरावा कुठंय?

त्यात आणखी एक काटा आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला, इथून जवळच दीक्षाभूमीवर, आपल्या आज्या-आजीनं एक शब्द अंगावरून उतरवून फेकला. पोरांना शाळेत घालताना 'बौद्ध' लिहिलं, छाती काढून लिहिलं. बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला केंद्र सरकारला 1990 साल उजाडावं लागलं. आणि आज समिती म्हणते, तो जुना शब्द शोधून आणा. आपली पोरं तो शब्द कागदावर पाहतात आणि मान खाली घालतात. मी म्हणतो, मान खाली घालायची गरज नाही. त्या कागदावर तुमची ओळख लिहिलेली नाही. तुमच्यावर झालेल्या अन्यायाची ती सरकारी पावती आहे. कर्जाची पावती वसूल करणारा कधी लाजतो का?

आता पावती कुठं आहे ते सांगतो. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा हा मुलूख मध्यप्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो. त्यामुळं पुण्या-सातारकडच्या माणसाला विचारून आपलं दप्तर सापडणार नाही. आपल्याकडच्या कागदांची नावंच वेगळी. कोतवाल बुक. बंदोबस्ताची मिसल. पी-1. अधिकार अभिलेख पंजी. शाळेतलं दाखल खारीज रजिस्टर. ही नावं पाठ करा. "साहेब, आमच्या आज्याचा काही जुना कागद भेटन का?" असं विचारणाऱ्याला बाबू "नाही" म्हणतो आणि चहा प्यायला जातो. "अमुक मौज्याच्या कोतवाल बुकातील 1930 ते 1940 च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी" असं लिहून देणाऱ्याला त्याला खुर्चीवर बसून उत्तर द्यावं लागतं.

कोतवाल बुक म्हणजे काय? गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची नोंदवही. बापाचं नाव, तारीख, जात. मध्यप्रांतात ही खबर ठाण्यापर्यंत पायी वाहून नेणारा माणूस म्हणजे गावचा कोतवाल. आणि हा कोतवाल आपल्या भागात पुष्कळ गावी कोण होता? महार होता. ऐकताय ना? पाटलाच्या घरी पोरगा झाला, त्याची वर्दी आपल्या आज्यानं दिली. मालगुजाराचं म्हातारं मेलं, त्याची वर्दी आपल्या आज्यानं दिली. लिहिणारा दुसरा होता, कारण याच्या हाती अक्षर येऊ दिलं नव्हतं. पण वहीतली प्रत्येक ओळ याच्या तोंडातून आली, याच्या तंगड्यांनी ठाण्यापर्यंत गेली. त्याच वहीची नक्कल मागायला त्याचा पणतू जातो आणि बाहेर बाकावर बसवला जातो. म्हणून विचारतो, हे दप्तर कोणाच्या बापाचं? आपल्याही बापाचं आहे!

माझं स्वतःचं सांगतो. आत्याच्या नातवासाठी मी एका तहसीलीत गेलो. नाव घेत नाही, सगळीकडे हेच चालतं. बाबू म्हणाला, "त्या गावच्या बुकाले वाळवी लागली, सापडून नाही राहिलं." मी म्हटलं, "ठीक आहे, वाळवी लागली हे लिहून द्या." तो हसला. मी अर्ज टाकला. त्यात तीन गोष्टी मागितल्या. एक, रेकॉर्डरूममधल्या त्या गावच्या कागदांची यादी. दोन, ते बुक नष्ट केलं असेल तर नष्ट करण्याचा आदेश आणि नोंद. तीन, मला स्वतः येऊन पाहायचंय, दिवस कळवा. आठवडा उलटला आणि निरोप आला, बुक सापडलं. गठ्ठा शेजारच्या गावाच्या कपड्यात बांधलेला होता. पानं पिवळी, कडा झडलेल्या, पण आमचं नाव ठसठशीत. वाळवीला आमचं नाव कडू लागलं असावं.

आता रीत सांगतो, लिहून घ्या.

रस्ते दोन आहेत. पहिला, साधा नकलेचा. आपल्याच घराण्याचा कागद हवा असेल तर तहसीलीच्या नक्कल शाखेत अर्ज करा, फी भरा, प्रमाणित प्रत घ्या. समितीपुढं, कोर्टापुढं हीच प्रत चालते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. तिचं 327 वं कलम सांगतं की नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना पाहायला खुले आहेत. जमिनीचे जुने नकाशे आणि मोजणी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकाकडं असते, तलाठ्याशी भांडून उपयोग नाही. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण नाव बदलून कपाट उघडत नसतं.

दुसरा रस्ता माहितीच्या अधिकाराचा. कायदा 2005 चा, 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्ण लागू. हा कायदा दिल्लीतल्या विद्वानांनी झोपेतून उठून दिलेला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या मजुरांनी 1994 पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या, हजेरीपटातली मेलेली माणसं वाचून दाखवली, 1996 साली ब्यावरला धरणं धरलं. मजुरीचा हिशोब मागता मागता कायदा उभा राहिला. आपल्याकडं अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. प्रतीला पानामागं 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर 5 दिवसांत योग्य कचेरीकडं पाठवायची जबाबदारी त्यांची, तुमची नाही. बाबू "इथं नाही, तिथं जा" म्हणाला की हे कलम सहा-तीन त्याच्या तोंडावर वाचायचं. मुदत टळली तर माहिती फुकट. उत्तर नाही आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील. तिथंही नाही जमलं तर 90 दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडं. विनाकारण अडवलं तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड, 25,000 पर्यंत.

अर्ज लहान ठेवा. महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच जागा आहे. "आमच्यावर अन्याय का केला?" असं अर्जात विचारू नका. का-चं उत्तर मोर्च्यात मागायचं. अर्जात कागद मागायचा: कोणता, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा. कायदा कागद देतो, कारणं देत नाही.

आणि सावध राहा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा 2023 चा कायदा आला आणि त्यानं माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातली 'वैयक्तिक माहिती'ची सूट पहिल्यापेक्षा मोठी केली. आता बाबूच्या हाती नवी ढाल आहे. "वैयक्तिक आहे, देता येत नाही." म्हणून घराण्याच्या कागदाला शक्यतो नकलेचाच रस्ता धरा. आणि माहितीच मागत असाल तर जनहित मोठं असल्यास माहिती द्यावी, हे आठव्या कलमाचं दुसरं पोटकलम अजून जिवंत आहे, ते लिहा.

आणखी एक खूण. तालुके, जिल्हे फुटलेत. गोंदिया 1999 साली भंडाऱ्यातून निघाला, गडचिरोली 1982 साली चंद्रपुरातून. नागपूर जिल्ह्यात भिवापूर आधी उमरेडमध्ये होतं. नवी तहसील "नाही" म्हणाली तर जुन्या तहसीलीत शोधा. तिथंही नसेल तर नागपुरात पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे. आज्याचं गाव सौंसर-पांढुर्ण्याकडचं असेल तर तो मुलूख मध्यप्रदेशात राहिला, कागदही तिकडंच.

हे सगळं फक्त दाखल्यापुरतं नाही. गायरान कसणारी आपली माणसं खेड्यात आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, 1959 आणि 1964 साली, लोक जेलात गेले ते याच जमिनीसाठी. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. 2011 साली जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं, पण सरकारी आदेशानं भूमिहीनांना, दलित-आदिवासींना दिलेली जमीन अपवाद म्हणून वेगळी काढली. मग गावचा पुढारी कोर्टाचा पहिला भाग वाचून दाखवतो आणि दुसरा खिशात ठेवतो. आपण कसत होतो याचा पुरावा काय? गाव नमुना 1-इ, अतिक्रमणाची नोंदवही. आणि दंडाच्या पावत्या. आपल्या बापाला सरकारनं 'अतिक्रमणदार' म्हणून दंड केला, त्या दंडाची नोंद हीच आज त्याच्या कसणुकीची साक्ष आहे. शिक्षा करायला लिहिलेला कागद आपल्या हातात आला की साक्षीदार होतो. म्हणून म्हणतो, कागद मागा!

कुणी म्हणेल, इतकं जुनं खरंच सापडतं का? सापडतं. 2023 च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला. मोडीतले कागद वाचले, उर्दू-फारसीतले वाचले, तहसीलीच्या रेकॉर्डरूमा उपसल्या, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकले. ज्यांना त्याचा फायदा झाला त्यांच्याशी माझं भांडण नाही. कागद सापडला, चांगलं झालं. माझा प्रश्न सरकारला आहे. एका समाजासाठी गठ्ठे सोडायला अख्खी यंत्रणा कामाला लागते, मग आमच्या पोरीच्या अॅडमिशनच्या वेळीच वाळवी कुठून येते? त्याच गठ्ठ्यात, त्याच पानावर, वरच्या ओळीत कुणबी असेल तर खालच्या ओळीत महार आहे, मांग आहे, चांभार आहे, गोवारी आहे. पान उघडलंच आहे तर पूर्ण वाचा ना!

म्हणून आता एकेकट्यानं बाकावर बसायचं बंद. काम असं करू. प्रत्येक वस्तीत दोघं-तिघं तयार व्हा. वस्तीतल्या घरांच्या मूळ गावांची यादी करा. एका गावची पाच घरं असतील तर पाच बापांनी पाच रजा टाकायच्या नाहीत, त्या गावच्या बुकाची पाहणी एकदा मागा आणि पाचही घरांची पानं टिपून आणा. जी नक्कल मिळेल तिची प्रत वस्तीत ठेवा, पुढच्या पिढीला पुन्हा वणवण नको. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. बाबू तोंडी बोलला तर म्हणायचं, "भाऊ, लिहून द्या." या तीन शब्दांना तो जितका भितो तितका शिवीला भीत नाही. आणि पोरींनो, हे काम तुम्ही हाती घ्या. दप्तरात बाईचं नाव शोधायला गेलं की कळतं, आपल्याच घरात कोण किती पुसलं गेलंय.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हटलं. शिकलो. आता ज्या वहीत आपल्याला लिहून ठेवलंय ती वहीही वाचू या. पुढच्या रविवारी येताना प्रत्येकानं आज्याचं नाव, गाव, जुनी तहसील एका कागदावर लिहून आणायचं. स्टॅम्प मी आणतो.

जयभीम.